ईस्टरला मुलांना घेऊन रुआहिनेत जावं का? रोअर, हंटर आणि आपण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ईस्टरच्या लाँग वीकेंडला पामरस्टन नॉर्थहून निघून रुआहिनेच्या डोंगररांगेत (न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर) रंगीवाहिआ हटला, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपडीवर, एक रात्र राहायचं आहे, बरोबर नऊ आणि बारा वर्षांची दोन मुलं, आणि मागच्या वेळी रेनफ्रू रोडच्या कार पार्कमध्ये कॅमो घातलेले दोघं गाडीतून रायफली काढताना दिसले तेव्हापासून घरात चर्चा चालू आहे की नकोच ते. हे कायदेशीर आहे का, मुलांना नेणं बरोबर आहे का आणि जायचं झालं तर काय घालायचं, काय करायचं. मी इथे न्यूझीलंडमध्ये 21 वर्षं ट्रॅम्पिंग (आपलं ट्रेकिंग) करतोय आणि त्यातली 17 वर्षं हरणांची शिकार पण करतोय, म्हणजे त्या कार पार्कमध्ये मी कधी तुमच्या जागी असतो कधी त्या दोघांच्या, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. जा. नक्की जा, फक्त एप्रिलमध्ये जाताना काही गोष्टी वेगळ्या करायच्या असतात त्या करून जा.

आधी कायद्याचं, कारण आपल्याकडून आलेल्या माणसाला हेच पहिलं खटकतं आणि ते साहजिक आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार म्हटलं की गुन्हाच, ताडोबात सांबर दिसलं की गाडीतले सगळे श्वास रोखून बसतात, आणि इथे तेच सांबर (हो, तेच आपलं सांबर, 1870 च्या दशकात श्रीलंकेतून आणून मानावाटूत सोडलेलं) लोक मारून फ्रीजरमध्ये भरतात. मलाही पहिली दोन-तीन वर्षं पचलं नव्हतं. पण या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही, सगळं रान पक्ष्यांचं, आणि 1851 पासून पुढे शिकारीच्या हौसेखातर इंग्लंडहून लाल हरणं आणून सोडली, मग सिका, फॅलो, अमेरिकेतून वापिटी आणि व्हाइटटेल अशा हरणांच्या इतर जाती. खाणारं कोणी नाही, वाघ नाही बिबट्या नाही, सत्तर-ऐंशी वर्षांत त्यांनी रान खालून पोखरून काढलं. तुम्ही रुआहिनेत चालताना बघा, काही ठिकाणी मोठी झाडं आहेत पण गुडघ्याएवढी कोवळी रोपं जवळजवळ नाहीतच, आणि जी आहेत ती होरोपिटोसारखी हरणं तोंड लावत नाहीत अशी. म्हणून 1930 पासून सरकारनेच पगारी शिकारी ठेवून हरणं मारायला सुरुवात केली. आणि हे बऱ्याच ट्रॅम्पर लोकांना माहीत नसतं, पण डोंगरातल्या ज्या हट्समध्ये आपण आज स्लीपिंग बॅग टाकतो त्यातल्या कितीतरी हट्स 1950 आणि 60 च्या दशकात फॉरेस्ट सर्व्हिसने त्या शिकाऱ्यांसाठीच बांधल्या, आणि आपण पाय ठेवतो ते कितीतरी ट्रॅकही त्यांच्यासाठीच कापलेले. त्यामुळे हंटर तिथे घुसखोर नाही. आणि रान सरकारी आहे, डॉकचं (डिपार्टमेंट ऑफ कन्झर्व्हेशन, इथलं निसर्ग संवर्धन खातं), म्हणून ट्रॅम्परही घुसखोर नाही. दोघांचा हक्क सारखा. हंटरकडे फायरआर्म्स लायसन्स आणि डॉकचं परमिट लागतं, गोळी फक्त दिवसाउजेडी, म्हणजे सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढ्याच वेळात, रात्री स्पॉटलाइट मारून शिकार डॉकच्या जमिनीवर बंद, आणि हट, कॅम्पसाईट, ट्रॅक, रस्ता यांच्या आसपास गोळी झाडायची नाही.

आता एप्रिलच का वेगळा. मार्चच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत लाल हरणांचे नर माजावर येतात आणि ओरडतात, त्याला इथे रोअर म्हणतात, सिका त्याच्या थोडे मागून येतात. एरवी वर्षभर जो नर सावलीसारखा दिसतही नाही तो या दिवसांत आपण होऊन सांगतो की मी इथे आहे, म्हणून वर्षातून एकदाच रायफल काढणारे लोक पण या तीन-चार आठवड्यांत रानात असतात. आणि त्यातच ईस्टर येतो, शाळेच्या सुट्ट्या येतात, ॲन्झॅक डे (25 एप्रिलची सुट्टी) येतो, म्हणजे सगळ्यात जास्त फॅमिल्या आणि सगळ्यात जास्त रायफली एकाच वेळी एकाच डोंगरात.

रोअरमध्ये शिकार कशी करतात ते समजून घ्या म्हणजे धोका कुठून येतो ते कळेल. नराचा आवाज काढायचा, हाताचा कर्णा करून किंवा प्लॅस्टिकच्या पाइपमधून, आणि समोरच्या नराला वाटलं पाहिजे की कोणीतरी माझ्या माद्यांवर आलंय. तो उत्तर देतो, चिडतो, जवळ येतो. पण डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर दुसरा हंटर बसलेला असेल तर तोही हेच करतोय, आणि मग दोन माणसं एकमेकांना ओरडत, दोघंही मनात नर धरून, दाट झाडीतून एकमेकांकडे सरकत राहतात. माझ्या मते रोअरमधला हा सगळ्यात वाईट प्रकार. म्हणून तुमच्या मुलांना एक गोष्ट निघण्याआधी घरीच बजावून सांगा, की रानात हरणासारखा आवाज गंमत म्हणून पण काढायचा नाही. मुलं काढतात, कारण हटमध्ये कोणी काका काढून दाखवतो आणि ते फार मजेशीर वाटतं, पण हटच्या बाहेर अजिबात नाही.

चुकून माणसाला गोळी लागते ती कशी, याबद्दल लोकांची कल्पना अशी की कोणीतरी बेफिकीर दारुडा असणार. असे पण असतात. 2010 मध्ये तुरांगीजवळ काइमानावाच्या रानात कॅम्पसाईटवर रात्री दात घासत असलेल्या बाईला गाडीतून स्पॉटलाइट मारत फिरणाऱ्याने मारलं, तिच्या डोक्यावरचा हेडटॉर्च त्याला हरणाचे डोळे वाटला. ती रात्रीची, बेकायदा, कॅम्पसाईटवरची गोळी, त्यात काहीच बरोबर नव्हतं. पण दिवसाउजेडीच्या बऱ्याचशा घटना अशा नसतात. गोळी मारणारा अनुभवी असतो, वीस-तीस वर्षं शिकार केलेला, आणि ज्याला लागते तो बहुतेक वेळा ट्रॅम्पर नसून दुसरा हंटर असतो, पुष्कळदा त्याच्याच बरोबर आलेला, मित्र, भाऊ, मुलगा. कोकणात रानडुकरामागे गेलेल्यांमध्ये साथीदारालाच गोळी लागल्याची बातमी अधूनमधून येते ना, तसंच अगदी. कारण तो सकाळपासून त्या एका नराच्या मागावर असतो, आवाज ऐकलेला असतो, ताजा माग बघितलेला असतो, आणि मग झाडीत तपकिरी काहीतरी हललं की डोळे जे बघतात त्यात बाकीचं मन भरून घालतं. शिंगं दिसतात. खरंच दिसतात त्याला, तो खोटं बोलत नसतो.

हे मी सांगोवांगी सांगत नाहीये. शिकारीचं माझं चौथं का पाचवं वर्ष, कावेकाच्या डोंगरात, सकाळचे साडेसात, धुकं घळीतून वर येत होतं. एका नराला मी अर्धा तास बोलवत होतो आणि तो उत्तर देत होता, जवळ येत होता, मग एकदम शांत झाला. मी मॅनुकाच्या झुडपामागे बसलो होतो आणि साधारण चाळीस मीटरवर फांद्यांमागे तपकिरी अंग, थोडं वाकलेलं, आणि वर एक फांदी मला शिंगासारखी. माझी खात्री झाली होती. रायफल मांडीवर होती, हात तिच्याकडे गेला, आणि ज्यांनी मला शिकवलं त्या माणसाने पहिल्याच दिवशी डोक्यात घातलेलं एकच वाक्य होतं की ओळखायला दुर्बीण, स्कोप (रायफलीवर बसवलेली दुर्बीण) नाही, कारण स्कोपमधून बघतोस म्हणजे ज्याच्यावर बघतोस त्याच्यावर रायफल रोखलेली आहे. म्हणून दुर्बीण उचलली. तपकिरी फ्लीसची बाही होती. बाहीच्या टोकाला हात होता. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, वडिलांपासून वेगळा झालेला, बुटाची नाडी बांधत होता. मी ओरडलो आणि उभा राहिलो, तो पण दचकला, मग आम्ही दोघं खाली बसलो आणि मला पाच मिनिटं बोलता येईना. त्या दिवशी रायफल रिकामी करून मी परत आलो. त्याला काही कळलं नाही की काय होऊ शकलं असतं, मी सांगितलंही नाही, आज वाटतं सांगायला हवं होतं. तेव्हापासून माझा नियम असा की हललेली प्रत्येक गोष्ट माणूस आहे, ती माणूस नाही हे सिद्ध होईपर्यंत. हे माझं वाक्य नाही, इथे ट्रेनिंगमध्ये हेच शिकवतात, पण मला ते त्या सकाळी समजलं.

त्यामुळे जबाबदारी कोणाची याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती ट्रिगरवर बोट असलेल्याची, पूर्ण. फायरआर्म्सचे सात नियम आहेत त्यातला चौथा म्हणजे निशाणा शंभर टक्के ओळखल्याशिवाय गोळी नाही, आणि पाचवा म्हणजे निशाण्याच्या आजूबाजूला आणि मागे काय आहे ते बघितल्याशिवाय नाही. हा पाचवा लोक विसरतात. धारेवर आभाळासमोर उभं असलेलं हरण फोटोत सुंदर दिसतं पण त्यावर गोळी चुकली तर ती धारेपलीकडे काही किलोमीटर जाऊ शकते, आणि पलीकडच्या उतारावर ट्रॅक आहे की नाही हे त्या क्षणी कोणी नकाशात बघत नाही. आणि जोडीदार नजरेआड झाला की शिकार थांबली, तो परत दिसेपर्यंत. एवढं पाळलं तरी बऱ्याच आया-बायकांचं रडणं वाचेल. कोणी हंटर मला म्हणाला की ट्रॅम्पर लोकांनी ऑरेंज घातलं नव्हतं म्हणून, तर मी त्याला तिथेच तोडतो. त्याने काय घातलं होतं हा प्रश्न नंतरचा, तू काय बघितलंस हा पहिला.

पण तुमच्या हातात जे आहे ते तुम्ही करायचं, गाडी चालवताना करतो तसं, समोरच्याची चूक असली तरी लागणार आपल्यालाच आहे. कपडे बघा. न्यूझीलंडमध्ये ऑरेंज घालायची सक्ती नाही, हंटरलाही नाही, तरी घाला असा सल्ला सगळे देतात. तुम्हाला हरणापासून लपायचं नाहीये, त्यामुळे रानात जो रंग नसतो तो घाला, भडक गुलाबी, निळा, लिंबू पिवळा, नाहीतर ते ब्लेझ ऑरेंज, त्याची साधी बनियनसारखी व्हेस्ट हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते आणि जॅकेटवरून चढते. तपकिरी, खाकी, राखाडी नको, आणि आपल्याकडे ट्रेकिंग म्हटलं की लोक नेमकं हेच घेतात. पांढरं पण नको, कारण सिकाचं बूड पांढरं असतं आणि पळताना ते फुलतं, म्हणून सिकाच्या भागात पांढरा टॉवेल पाठीवर लटकवून चालणं मला आवडत नाही (तुमच्या भागात मुख्यतः लाल हरणं आहेत, पण सवय एकच ठेवा). सॅकचं कव्हर पण भडक घ्या, कारण वाकून चढताना माणसाची फक्त पाठ दिसते.

आणि एक गोष्ट जी कोणी लिहीत नाही कारण लाज वाटते. ट्रॅकवर चालणारं कुटुंब ओळखायला सोपं असतं, चार जण, बोलणं, काठ्यांचा आवाज. धोका तेव्हा वाढतो जेव्हा एक जण टॉयलेटसाठी ट्रॅक सोडून वीस-तीस मीटर आत जातो, गप्प बसतो, खाली वाकतो, आणि बहुतेक वेळा तेव्हाच सॅक आणि भडक जॅकेट ट्रॅकवर काढून ठेवलेलं असतं. म्हणून व्हेस्ट अंगावर ठेवूनच जायचं आणि बाकीच्यांनी ट्रॅकवर उभं राहून मोठ्याने बोलत राहायचं. मुलांना कार पार्कचं टॉयलेट आणि हटचं टॉयलेट एवढंच वापरायला लावता आलं तर उत्तम.

आवाजाचं म्हणाल तर माणसाचं बोलणं सगळ्यात चांगलं. शिट्टी नको, सिका घाबरला की जी शिट्टी मारतो ती माणसाच्या शिट्टीच्या फार जवळ जाते. मराठीत गप्पा मारा, भेंड्या खेळा, हंटरला भाषा कळायची गरज नाही, माणूस आहे एवढं कळलं की पुरे. मी स्वतः दबा धरून बसलेला असताना खालून फॅमिली बोलत गेली तर मला राग येत नाही, मी ट्रॅकच्या एवढा जवळ बसलोय हीच माझी चूक, नर तर ट्रॅकवरची वर्दळ माझ्याआधी ओळखून लांब गेलेला असतो. गोळीचा आवाज आला तर पळू नका, झुडपात तर अजिबात शिरू नका, ट्रॅकवरच उभे राहा, हात हलवा, मोठ्याने हाक मारा, आणि समोरून उत्तर आलं की बोलून पुढे जा. बऱ्याच रायफलींना इथे सायलेन्सर असतो, तो कायदेशीर आहे आणि कानांसाठी चांगला आहे, पण त्यामुळे गोळी कुठून आली ते ओळखता येत नाही. म्हणून दिवसभर काही ऐकू आलं नाही म्हणजे रानात कोणी नाही असं समजू नका.

वेळेचं गणित सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात सोपं. हरणं बाहेर येतात पहाटे आणि संध्याकाळी, हंटरचं बोट ट्रिगरजवळ असतं तेही तेव्हाच, आणि उजेड कमी असतो तोही तेव्हाच. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, आणि कालपर्यंत सातला मावळणारा सूर्य एकदम सहाच्या सुमाराला जातो, यात दरवर्षी लोक फसतात आणि झाडीतच अंधार पडतो. ईस्टर कधी या रविवारच्या आधी पडतो, कधी नंतर, ते आधी बघून घ्या. साडेनऊ-दहाला चालायला सुरुवात करा, रंगीवाहिआला मुलांबरोबर खात-पित तीन-साडेतीन तास धरा, म्हणजे दुपारी एकच्या आसपास हटवर. दुपारी बहुतेक हंटर झोपलेले असतात. दुसऱ्या दिवशी पण नाश्ता करून नऊनंतरच निघा. अंधारात चालायची वेळ आलीच तर सगळ्यांचे हेडटॉर्च चालू, एकत्र, बोलत. गाडी जाऊ शकते अशा कॅम्पसाईटवर राहणार असाल तर तंबूत किंवा तंबूबाहेर एक कंदील लावून ठेवा, म्हणजे लांबून दोन चमकते ठिपके न दिसता उजळलेला तंबू दिसतो.

हटमध्ये मात्र तुम्हाला हे लोक खरे कळतील. पहाटे पाचला उठतात, स्टोव्हचा आवाज, बूट, दार, तुमची झोप मोडणार, तेवढं धरून चाला. रायफल हटमध्ये रिकामी आणि बोल्ट (आतला सरकता भाग, तो काढला की गोळी झाडता येत नाही) काढलेलीच आली पाहिजे, तसं नसेल तर सरळ सांगा, बोल्ट काढून ठेवाल का मुलं आहेत, कोणीही शहाणा हंटर लगेच करतो आणि वरून सॉरी म्हणतो. ज्याने कपाळावर आठ्या घातल्या त्याच्यापासून दुसऱ्या दिवशी लांब राहायचं. आणि दारू चालू झाली असेल तर रायफल कुठे आहे ते बघून ठेवा.

मग बोला. माझ्या सतरा वर्षांत मला जे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते कुठलं जॅकेट नाही, आदल्या संध्याकाळचं पाच मिनिटांचं बोलणं. उद्या तुम्ही कुठे बसणार, कुठली सोंड, कुठली घळ, किती जण, आणि आम्ही कुठून किती वाजता जाणार. नकाशा टेबलावर पसरून बोटाने दाखवा. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला सोंडेखाली काही हललं की त्याच्या डोक्यात नराच्या आधी तुमची दोन मुलं येतात, आणि मी वर म्हटलं ना की मन जे भरलेलं असतं ते बघतं, तर आता तिथे तुम्ही भरलेले असता. हटमध्ये कोणी नसेल तर इंटेन्शन बुकात (हटमधल्या नोंदवहीत) नीट लिहा, तारीख, नावं, चार जण दोन मुलं, रंग कुठले, कुठल्या वाटेने परत, आणि आधीच्या पानावर कोणी हंटिंग लिहिलंय का तेही वाचा. हे बुक शोधाशोध करणाऱ्यांसाठी आहे असं सगळे समजतात, पण मी हटवर पोचलो की सॅक टाकायच्या आधी तेच उघडतो.

माउंटन बाइकवाले आणि पळणारे यांच्याबद्दल थोडक्यात, ते पटकन येतात आणि आवाज न करता येतात, म्हणून तुमचे कोणी तसे मित्र असतील तर पहाटेचं रन एप्रिलपुरतं उजाडल्यावर न्या म्हणावं आणि भडक घाला. मासेमारीवाले जास्त काळजीचे, ते ओढ्यात ओढ्यात वर जातात, तासन् तास गप्प, मातकट कपड्यांत, आणि हरणंही तिथेच पाण्यावर येतात. आणि कुत्रा नेणार असाल तर त्याचं परमिट लागतं का ते आधी बघा आणि त्यालाही व्हेस्ट घाला, मोकळा सोडू नका.

तुमच्या प्लॅनमध्ये मी एकच बदल करेन. तुम्ही रविवारी आल्या वाटेने न येता डेडमन्स ट्रॅकचा लूप करून उतरायचं म्हणताय, तो सुंदर आहे पण लांब आहे, मुलं दमली की तुम्ही शेवटचा झाडीतला उतार नेमके संध्याकाळी उतराल. लूप फेब्रुवारीसाठी ठेवा, या वेळी आल्या वाटेनेच परत या. संध्याकाळी साडेपाचला हटच्या व्हरांड्यात सगळे जाड कपडे घालून बसा, गप्प, हट झाडीच्या वर गवतात आहे आणि खाली सगळी दरी उघडी. वारा पडलेला असेल तर नर ऐकू येईल, घोगरा, लांब, रेडा हंबरल्यासारखा पण जास्त खोल. माझ्या मुलीने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती सात वर्षांची होती आणि तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. आणि हटमध्ये हंटर असले तर रात्री ते बॅकस्टेक (हरणाच्या पाठीचं मांस) बटरमध्ये परततील आणि मुलांना विचारतील, खात असाल तर घ्या, तुमच्याकडचा चिवडा त्यांच्यापुढे करा, तो पहिल्या पाच मिनिटांत संपतो हे अनुभवाने सांगतो, तेव्हा जास्त न्या.